वीज गेली, मशीन उठलं, सर्व्हिस मात्र नाही: लिनक्सचं पॅकेज बांधताना पाळायचा क्रम

द्राक्षांच्या शीतगृहात तापमान नोंदवणारा प्रोग्राम टर्मिनलवर चालतो. पॅकेज बसवलं तर एपीटी (पॅकेज बसवणारी कमांड) काही तक्रार न करता संपतं. सगळं झालं असं समजून प्रोग्राम लिहिणारी मुलं नाशिकला परततात. मग जानेवारी ते एप्रिल, द्राक्षाच्या ऐन हंगामात, एखाद्या रात्री वीज जाते आणि परत येते. मशीन उठतं, सर्व्हिस, म्हणजे मागे आपोआप चालत राहायला हवा असा तो प्रोग्राम, उठत नाही. सकाळी पिंपळगावहून फोन येतो, "दादा, कॉम्प्युटर तर चालू दिसतोय, पण रात्री अकरापासून आकडेच नाहीत." खोलीचं तापमान शून्य ते एक अंशाच्या आसपास राहिलं की नाही, हे खरेदीदाराला कागदावर हवं असतं. त्या रात्रीची हुकलेली नोंद नंतर कुठूनही आणता येत नाही.

असे फोन मी स्वतः घेतले आहेत आणि आता माझ्याकडे पॅकेज तपासायला आणणाऱ्या मुलांनाही ते येतात. चुका ठरावीक आहेत आणि बहुतेक क्रमाच्या आहेत. युनिट फाइल, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल, आधी लिहिली जाते, युजर नंतर आठवतो, रीबूट तर करून पाहिलाच जात नाही. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

उदाहरणाला 'शीतनोंद' नावाचा पायथनमधला प्रोग्राम घेऊ. तो यूएसबीला लावलेल्या आरएस-४८५ कन्व्हर्टरमधून (सेन्सरची वायर कॉम्प्युटरला जोडणारा डबा) सेन्सर वाचतो आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलमध्ये आकडे लिहितो. मशीनवर डेबियन किंवा उबुंटू आहे असं धरलं आहे. आरपीएमवाल्यांसाठी, म्हणजे फेडोरासारख्या सिस्टिमसाठी, शेवटाकडे वेगळा भाग आहे. कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, फाइलमध्ये ती रोमन अक्षरांतच टंकायची.

## टप्पा १: पॅकेजला हात लावण्याआधी

आधी प्रोग्राम परक्या घरात चालवून पाहा. तुमच्या लॅपटॉपवर तो तुमच्या नावाने, तुमच्या होम फोल्डरमधून, तुमच्या पाथवर चालत असतो. सर्व्हिस म्हणून चालताना यातलं काहीच नसतं. सिस्टिमडी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम, त्याला मूळ डिरेक्टरीत, म्हणजे नुसत्या '/' मध्ये उभा करतं. प्रोग्रामात 'डेटा.डीबी' असा अर्धा पत्ता असेल तर तो ती फाइल '/' मध्ये उघडायला जातो आणि परवानगी नाही म्हणून पडतो.

चाचणीसाठी मशीनवर एक साधा सिस्टिम युजर बनवा आणि सिस्टिमडी-रन या कमांडने, त्या युजरच्या नावाने, प्रोग्राम चालवा. वेट आणि पाइप हे पर्याय लावले की आउटपुट समोरच दिसतं. इथे जे पडेल ते पुढे पॅकेजात पडणारच होतं, ते आत्ताच सापडतं.

याच वेळी चार गोष्टी बघून घ्या:

१. प्रत्येक फाइलचा पत्ता पूर्ण आहे का.

२. सेन्सर सापडला नाही तर प्रोग्राम कोणत्या कोडने बाहेर पडतो. शून्य कोडने पडत असेल तर सिस्टिमडीच्या लेखी तो काम संपवून शहाण्यासारखा बाहेर पडला, आणि 'बिघडल्यास परत सुरू कर' ही सूचना लागूच होत नाही. चूक झाली तर शून्य सोडून दुसरा कोड द्या.

३. सिगटर्म हा सिग्नल आला की प्रोग्राम डेटाबेस नीट बंद करतो का. थांबवताना आधी हाच सिग्नल येतो. प्रोग्रामने दाद दिली नाही तर सर्वसाधारण सेटिंगमध्ये ९० सेकंदांनी त्याला सक्तीने मारलं जातं.

४. फाइल विंडोजवर लिहिली आहे का. हे क्षुल्लक वाटतं, पण विंडोजच्या ओळशेवटामुळे पहिल्या ओळीतल्या इंटरप्रिटरच्या नावाला एक अदृश्य अक्षर चिकटतं. मग फाइल डोळ्यांसमोर असताना लॉग म्हणतो 'अशी फाइल नाही'. अंबडमधल्या एका पोराने या एका अक्षरापायी अख्खा दिवस घालवला होता.

तपासणी: चाचणी युजरने प्रोग्राम १० मिनिटं चालला, डेटाबेसमध्ये ओळी पडल्या आणि सिगटर्मवर तो एक-दोन सेकंदांत थांबला, तरच पुढे जा.

## टप्पा २: युनिट फाइल

सुरुवात एवढ्यावरच करा:

[युनिट]
डिस्क्रिप्शन=शीतनोंद तापमान नोंदणी
स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=०

[सर्व्हिस]
टाइप=एक्झेक
युजर=शीतनोंद
सप्लिमेंटरीग्रुप्स=डायलआउट
एन्व्हायर्नमेंट=पायथनअनबफर्ड=१
एन्व्हायर्नमेंटफाइल=-/ईटीसी/डिफॉल्ट/शीतनोंद
एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/बिन/शीतनोंद
स्टेटडिरेक्टरी=शीतनोंद
रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक=१०

[इन्स्टॉल]
वाँटेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट

आता यातल्या ज्या ओळींवर माणसं चुकतात त्या.

टाइप. ही ओळ नसेल तर सिंपल धरलं जातं. सिंपलमध्ये सिस्टिमडी प्रोग्रामसाठी प्रोसेस काढतं आणि लगेच 'सुरू झाली' म्हणतं. प्रोग्रामची फाइल जागेवर नसली तरीही. एक्झेक दिलं तर निदान फाइल खरोखर चालू होईपर्यंत ते थांबतं. सगळ्यांत चांगलं नोटिफाय: सेन्सरशी बोलणं झालं, डेटाबेस उघडला, की प्रोग्राम स्वतः 'रेडी=१' असा निरोप पाठवतो. पण तो निरोप पाठवणारा कोड प्रोग्रामात नसताना नुसतं नोटिफाय लिहिलं, तर सिस्टिमडी ९० सेकंद वाट बघून धडधाकट चाललेला प्रोग्राम बंद करतं. फोर्किंग हा प्रकार जुन्या, स्वतःच पार्श्वभूमीला जाणाऱ्या डेमनसाठी आहे. नवीन प्रोग्रामला तो लावू नका, आणि प्रोग्रामातही स्वतःहून मागे जायचा कोड ठेवू नका.

एक्झेकस्टार्ट. ही शेलची ओळ नाही. पाइप, बाणाने फाइलकडे वळवणं, दोन अँपरसँड, यातलं काही चालत नाही. ते शब्द जसेच्या तसे प्रोग्रामच्या हाती जातात. टक्क्याच्या चिन्हाला इथे वेगळा अर्थ आहे, त्यामुळे तारखेचा नमुना द्यायचा असेल तर ते चिन्ह दुहेरी लिहावं लागतं.

टिपण्णी. सेटिंगच्या ओळीच्या शेवटी हॅश टाकून टिपण्णी लिहिली तर ती टिपण्णी राहत नाही, सेटिंगच्या व्हॅल्यूचा भाग होते. युजरच्या ओळीत असं केलं तर त्या लांबलचक नावाचा युजर शोधला जातो. टिपण्णी नेहमी वेगळ्या ओळीवर.

रीस्टार्ट. खरी गोम इथे आहे. रीस्टार्टसेक दिलं नाही तर दोन प्रयत्नांमध्ये १०० मिलिसेकंदांचं अंतर असतं, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू झाल्यावर सिस्टिमडी हात टेकतं. वीज आल्यावर यूएसबी कन्व्हर्टर जागा व्हायला तीन-चार सेकंद लागले, तर तेवढ्यात पाचही प्रयत्न संपलेले असतात. त्यानंतर कन्व्हर्टर कितीही छान चालू झाला तरी सर्व्हिस मेलेलीच. मोठी मोकळी खोली आणि दाराशी कुणी नाही अशा ठिकाणी १० सेकंदांचं अंतर ठेवा आणि मर्यादा काढून टाका. ती मर्यादेची ओळ युनिट या भागात जाते. सर्व्हिसच्या भागात टाकलेली मी खूप वेळा पाहिली आहे.

पायथनअनबफर्ड. ही नसेल तर पायथन आपलं आउटपुट साठवून ठेवतो, आणि प्रोग्राम पडला की नेमकी शेवटची, कामाची ओळ लॉगमध्ये पोचलेली नसते.

एन्व्हायर्नमेंटफाइल याच्या पुढचा डॅश महत्त्वाचा आहे. फाइल नसली तरी चालेल, असं तो सांगतो. डॅश विसरलात आणि कोणी ती फाइल काढली, तर सर्व्हिस उठणारच नाही.

> इशारा: सेटिंग वापरण्याआधी साइटवरची सिस्टिमडीची आवृत्ती बघा. उबुंटू २२.०४ मध्ये २४९, डेबियन १२ मध्ये २५२, उबुंटू २४.०४ मध्ये २५५ आहे. दर प्रयत्नाला अंतर वाढवणारं रीस्टार्टस्टेप्स २५४ मध्ये आलं. जुन्या आवृत्तीवर अशी ओळ नुसती दुर्लक्षिली जाते, लॉगमध्ये एक इशारा पडतो आणि सर्व्हिस तुमच्या समजुतीपेक्षा वेगळी वागते.

तपासणी: 'सिस्टिमडी-ॲनलाइझ व्हेरिफाय' या कमांडला युनिट फाइल द्या. स्पेलिंगच्या आणि चुकीच्या भागात गेलेल्या ओळी ते दाखवतं. युनिट लिहिल्यावर हे न करता पुढे जाणं म्हणजे पुढच्या टप्प्यावर दुप्पट वेळ घालवणं.

## टप्पा ३: कोणाच्या नंतर, कोणाच्या भरवशावर

दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते सतत एकात एक मिसळले जातात. आफ्टर फक्त क्रम सांगतं: दोघंही सुरू होणार असतील तर मी त्याच्या नंतर. वाँट्स आणि रिक्वायर्स फक्त सोबत सांगतात: मी सुरू होताना त्यालाही बोलवा. नुसतं रिक्वायर्स लिहिलं तर दोघं एकाच वेळी पळतात. नुसतं आफ्टर लिहिलं आणि तो दुसरा कोणी बोलावलाच नाही, तर त्याची वाट कोणी बघत नाही. प्रोग्रामला पोस्टग्रेस हा डेटाबेस लागत असेल तर दोन्ही ओळी हव्यात.

आता नेटवर्क. 'नेटवर्क.टार्गेट' नंतर म्हणजे नेटवर्क लागलेलं असेल, असं मुळीच नाही. लागलेलं हवं असेल तर 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' लागतं, तेही आफ्टर आणि वाँट्स दोन्हींत, आणि त्यामागची वाट बघणारी सर्व्हिस चालू असावी लागते.

पण माझं ऐका: शीतगृहासाठी ते वापरूच नका. वीज आल्यावर कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात उठतो, राउटर त्याच्या सावकाशीने. नेटवर्क ऑनलाइन होईपर्यंत एक-दोन मिनिटं नोंद थांबते, आणि ती थांबायचं कारणच नसतं. तापमान वाचायला इंटरनेट लागत नाही. आकडे मशीनवरच लिहा, नेट आलं की पुढे पाठवा. ही वाट बघणं प्रोग्रामच्या आत ठेवा, युनिटमध्ये नाही.

घड्याळाचं तसंच, किंबहुना जास्त नाजूक. रास्पबेरी पाय ४ सारख्या बोर्डवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज गेल्यावर ते शेवटी जपून ठेवलेल्या वेळेपासून पुढे चालू लागतं आणि नेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत नोंदींच्या वेळा चुकीच्या पडतात. यावर 'टाइम-सिंक.टार्गेट' नंतर सुरू व्हा, असा सल्ला वाचायला मिळतो. वेळ जुळेपर्यंत थांबणारी सर्व्हिस त्यामागे लावली की तो सल्ला काम करतो, पण नेट रात्रभर आलंच नाही तर ती सर्व्हिसही रात्रभर थांबते आणि नोंद शून्य. इथे युनिट फाइलशी झटापट करण्यापेक्षा बोर्डला बॅटरीवाल्या घड्याळाचं मॉड्यूल लावा.

राहिला यूएसबी कन्व्हर्टर. 'टीटीवाययूएसबी०' हे नाव कायमचं नसतं. दोन कन्व्हर्टर असले तर रीबूटनंतर ते अदलाबदल होऊ शकतात आणि एका खोलीचं तापमान दुसऱ्या खोलीच्या नावावर चढतं. हे सर्व्हिस न उठण्यापेक्षा वाईट, कारण कोणाच्या लक्षातच येत नाही. '/डेव्ह/सिरियल/बाय-आयडी' मधलं नाव वापरा. स्वस्त कन्व्हर्टरना स्वतःचा सिरियल नंबर नसतो, त्यामुळे एकाच जातीचे दोन लावले तर बाय-आयडीतही नाव एकच येतं. तिथे 'बाय-पाथ' घ्या आणि कोणती वायर कोणत्या पोर्टात हे चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

डिव्हाइसला युनिटमध्ये बाइंड्सटू करून बांधायचा मोह होतो. तसं केलं की सिस्टिमडी कन्व्हर्टरची सुमारे ९० सेकंद वाट बघतं, तो नाही आला तर 'ज्यावर अवलंबून ते पडलं' म्हणून सर्व्हिस सोडून देतं. अशा वेळी रीस्टार्टची ओळ लागू होत नाही, कारण सर्व्हिस मुळात सुरूच झालेली नसते. म्हणून मी प्रोग्रामलाच सांगतो: कन्व्हर्टर नसेल तर चूक-कोडने बाहेर पड, १० सेकंदांनी परत ये.

तपासणी: युनिटमधली आफ्टर, वाँट्स, रिक्वायर्सची प्रत्येक ओळ हाताने झाका आणि विचारा, ही नसेल तर नक्की काय बिघडेल? उत्तर सुचलं नाही तर ती ओळ काढा.

## टप्पा ४: युजर, फोल्डर, परवानग्या

'इन्स्टॉल केल्यावर चाललं, रीबूटनंतर नाही' या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच सापडतं. पॅकेजच्या स्क्रिप्टमध्ये '/रन/शीतनोंद' फोल्डर बनवलेलं असतं. '/रन' मेमरीत असतं, मशीन बंद झालं की पुसलं जातं. पॅकेजची स्क्रिप्ट रीबूटला परत चालत नाही, म्हणून फोल्डर परत येत नाही.

फोल्डर स्क्रिप्टमध्ये बनवूच नका. युनिटला सांगा. स्टेटडिरेक्टरी दिली की '/व्हार/लिब/शीतनोंद' सर्व्हिसच्या युजरच्या मालकीचं तयार मिळतं, रनटाइमडिरेक्टरी दिली की '/रन' मधलं, लॉग्जडिरेक्टरी दिली की '/व्हार/लॉग' मधलं. दर वेळी सर्व्हिस सुरू होताना ते तपासलं जातं. नाव फक्त शेवटचा तुकडा द्यायचा, पूर्ण पत्ता नाही.

सिरियल पोर्ट वाचायला डायलआउट हा ग्रुप लागतो. मुलं युजरला त्या ग्रुपमध्ये घालायची ओळ स्क्रिप्टमध्ये टाकतात. त्यापेक्षा युनिटमध्ये सप्लिमेंटरीग्रुप्स बरं, कारण काय लागतं ते एका जागी दिसतं. सर्व्हिस रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरने, चालवून हा प्रश्न टाळू नका. रूटने एकदा लिहिलेल्या डेटाबेसची मालकी रूटकडे जाते, आणि स्टेटडिरेक्टरी नसेल तर पुढच्या आवृत्तीत युजर बदललात की त्याच फाइलवर लिहिता येत नाही.

कुंपण घालणाऱ्या ओळी, म्हणजे प्रोटेक्टसिस्टिम, प्रोटेक्टहोम, प्रायव्हेटटेम्प, जरूर घाला, पण सगळं चालू लागल्यावर, एकेक करून. प्रायव्हेटडिव्हायसेस मात्र इथे नको: ती ओळ लावली की सिरियल पोर्टच सर्व्हिसच्या नजरेआड होतो.

## टप्पा ५: पॅकेजमध्ये भरणे

पॅकेजातली युनिट फाइल '/यूएसआर/लिब/सिस्टिमडी/सिस्टिम' मध्ये जाते. '/ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम' ही जागा मशीन सांभाळणाऱ्या माणसाची आहे आणि तिथली फाइल तुमच्या फाइलवर मात करते. तुम्हीच तिथे फाइल टाकलीत तर त्याला बदल करायला जागा उरत नाही, आणि पुढच्या अपग्रेडला 'तुमची ठेवू की नवी' असा प्रश्न मध्येच उभा राहतो.

डेबहेल्पर (डेबियनचं पॅकेज बांधायला मदत करणारी हत्यारं) वापरत असाल तर फाइल 'डेबियन/शीतनोंद.सर्व्हिस' या नावाने ठेवा. फाइलचं नाव पॅकेजच्या नावाशी जुळलं की बाकीचं डीएच-इन्स्टॉलसिस्टिमडी बघतो: योग्य जागी ठेवणं, चालू यादीत घालणं, इन्स्टॉलनंतर सुरू करणं, अपग्रेडनंतर परत सुरू करणं. नाव जुळलं नाही आणि वेगळं नाव कळवलंही नाही, तर फाइल पॅकेजात येतच नाही आणि बांधणी तरीही यशस्वी दिसते.

तपासणी: 'डीपीकेजी-डेब' ने बांधलेल्या पॅकेजमधल्या फाइलींची यादी काढा. युनिट फाइल योग्य पत्त्यावर एकदाच दिसली पाहिजे. मग लिंटियन, म्हणजे पॅकेजमधल्या चुका शोधणारं हत्यार, चालवा आणि त्याचे इशारे खरोखर वाचा.

## टप्पा ६: पोस्टइन्स्ट, म्हणजे जिथे सगळे घसरतात

पोस्टइन्स्ट ही पॅकेज बसल्यावर चालणारी स्क्रिप्ट. स्वतःचं पोस्टइन्स्ट लिहिलंत तर त्यात डेबहेल्परची खूण, म्हणजे दोन बाजूंना हॅश असलेला डेबहेल्पर हा शब्द, असलीच पाहिजे. बांधणीच्या वेळी त्या जागी सर्व्हिस चालू करणाऱ्या ओळी येतात. खूण विसरलात तर त्या ओळी कुठेच येत नाहीत. पॅकेज बसतं, सर्व्हिस निपचित.

खुणेच्या वर काय आणि खाली काय, हेही बघा. युजर बनवायची ओळ वर हवी. खाली असेल तर सर्व्हिस आधी सुरू व्हायला जाते, युजर सापडत नाही, पडते, आणि मग युजर बनतो. युजर ॲडयुजरने बनवत असाल तर पॅकेजच्या डिपेंड्समध्ये ॲडयुजर लिहा.

आणि या सगळ्यात तुम्हाला काहीच कळत नाही. डेबहेल्परच्या ओळी अशा लिहिलेल्या आहेत की सर्व्हिस सुरू झाली नाही तरी इन्स्टॉल अडत नाही. तसं असणं बरोबरच आहे, एका सर्व्हिसपायी अख्ख्या मशीनचं अपग्रेड अडकायला नको. पण त्यामुळे एपीटी गुपचूप संपलं म्हणजे सर्व्हिस चालू झाली, हा अर्थ काढता येत नाही. तुमच्या इन्स्टॉलच्या कागदावर पुढची ओळ सर्व्हिसची स्थिती बघण्याचीच असू द्या.

पोस्टइन्स्टमध्ये 'सिस्टिमसीटीएल इनेबल' किंवा 'स्टार्ट' हाताने लिहू नका. दोन तोटे होतात. एक, साइटवरच्या माणसाने सर्व्हिस मुद्दाम बंद ठेवली असेल, समजा सेन्सर दुरुस्तीला गेला आहे, तर तुमचं प्रत्येक अपग्रेड ती त्याच्या मर्जीविरुद्ध परत चालू करतं. डेबहेल्परची पद्धत त्याचा निर्णय लक्षात ठेवते. दोन, जिथे सिस्टिमडी चालूच नाही, म्हणजे डॉकरच्या (प्रोग्राम वेगळ्या खोक्यात चालवण्याची सोय) आत किंवा डिस्कची इमेज बनवताना, तिथे 'स्टार्ट'ची ओळ चूक देऊ शकते आणि मग इन्स्टॉल अर्धवट राहतं.

पोस्टआरएममध्ये, म्हणजे पॅकेज काढल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, साठवलेला डेटा फक्त पर्जला (सगळं मुळापासून काढताना) काढायचा, रिमूव्हला (नुसतं पॅकेज काढताना) कधीच नाही. कोणी पॅकेज काढून परत बसवतो तेव्हा त्याला जुन्या नोंदी जागेवर हव्या असतात.

## टप्पा ७: चाचणी

डॉकरमध्ये ही चाचणी होत नाही. तिथे सिस्टिमडी पहिली प्रोसेस म्हणून चालत नसतं, आणि डेबियनच्या इमेजमध्ये सर्व्हिस सुरू होऊ न देणारी पॉलिसी फाइल आधीच असते. व्हर्च्युअल मशीन घ्या, कोऱ्या अवस्थेचा स्नॅपशॉट ठेवा, आणि या क्रमाने जा:

१. कोऱ्या मशीनवर इन्स्टॉल करा. 'इज-ॲक्टिव्ह' आणि 'इज-इनेबल्ड' दोन्ही विचारा. ही वेगळी उत्तरं आहेत: पहिलं आत्ताचं, दुसरं रीबूटनंतरचं. इन्स्टॉल हा भाग युनिटमध्ये नसेल तर पहिलं हो आणि दुसरं 'स्टॅटिक' येतं, म्हणजे रीबूटनंतर ती आपोआप उठणार नाही.

२. रीबूट करा. कशाला हात न लावता दोन मिनिटं थांबा. मग डेटाबेसमधल्या शेवटच्या ओळीची वेळ बघा. सर्व्हिस 'ॲक्टिव्ह' दिसते आणि आकडे येत नाहीत, असंही होतं, म्हणून खरी साक्ष डेटाबेसची.

३. यूएसबी कन्व्हर्टर काढून रीबूट करा, पाच मिनिटांनी लावा. नोंद आपोआप सुरू झाली पाहिजे.

४. आधीची आवृत्ती बसवून नव्यावर अपग्रेड करा. चालणारी प्रोसेस नवी आहे ना, तिची सुरू झालेली वेळ बघून खात्री करा.

५. सर्व्हिस डिसेबल करून अपग्रेड करा. डिसेबलच राहिली पाहिजे.

६. रिमूव्ह, परत इन्स्टॉल, शेवटी पर्ज.

काही पडलं तर लॉग दाखवणाऱ्या 'जर्नलसीटीएल' ला युनिटचं नाव आणि चालू बूटचा पर्याय द्या. शेवटी दिसणारा आकडा बरंच सांगून जातो. २०३ म्हणजे प्रोग्रामची फाइल चालवता आली नाही: पत्ता चुकला, चालवायची परवानगी नाही, किंवा पहिल्या टप्प्यातलं ते विंडोजचं अक्षर. २१७ म्हणजे युजर सापडला नाही. २०० म्हणजे कामाच्या डिरेक्टरीत जाता आलं नाही. २२६ आला तर कुंपणाच्या ओळींकडे बघा. रीडराइटपाथ्समध्ये दिलेलं फोल्डर जागेवर नसलं की हाच येतो.

> इशारा: चाचणीत युनिट फाइल हाताने बदलली तर 'डेमन-रीलोड' केल्याशिवाय बदल दिसत नाही. पाच वेळा बदलूनही फरक पडत नसेल तर 'सिस्टिमसीटीएल कॅट' करून बघा, कदाचित '/ईटीसी' मध्ये कालची जुनी प्रत बसलेली असेल आणि तीच वाचली जात असेल.

## आरपीएमवर काय वेगळं

युनिट तेच चालतं. स्पेक फाइलमध्ये, म्हणजे आरपीएम कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, बिल्डरिक्वायर्सला 'सिस्टिमडी-आरपीएम-मॅक्रोज' टाका, आणि पोस्ट, प्रीअन, पोस्टअन या तिन्ही जागी सिस्टिमडीचे तयार मॅक्रो लावा, पोस्टअनमध्ये विथ-रीस्टार्टवाला.

मोठा फरक सवयीचा आहे. डेबियनवर पॅकेज बसलं की सर्व्हिस आपोआप चालू होते. फेडोरा आणि त्याच्या नात्यातल्या सिस्टिमवर ती चालू करायची की नाही हे प्रीसेट, म्हणजे सिस्टिमने आधीच ठरवलेली यादी, ठरवतं आणि बाहेरून आणलेल्या पॅकेजची सर्व्हिस सहसा बंदच राहते. तिथे इन्स्टॉलनंतर 'इनेबल' आणि 'नाऊ' ही पायरी माणसाने करायची असते, ती कागदावर लिहून द्या. शिवाय अपग्रेडमध्ये नव्या पॅकेजचा पोस्ट आधी चालतो आणि जुन्याचा प्रीअन नंतर. प्रीअनमध्ये 'सर्व्हिस थांबव' असं बिनशर्त लिहिलं तर प्रत्येक अपग्रेडनंतर नुकतीच उठलेली सर्व्हिस बंद पडते.

## टप्पा ८: साइटवर

मशीनच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग असतं. ते बंद असेल तर वरचे सातही टप्पे वाया.

साइटपुरता बदल करायचा असेल तर 'सिस्टिमसीटीएल एडिट' वापरा. पॅकेजातली मूळ फाइल हाताने बदलली तर पुढच्या अपग्रेडला ती पुसली जाते. एक्झेकस्टार्ट बदलताना आधी एक रिकामी एक्झेकस्टार्टची ओळ लिहावी लागते, मग नवी. नाहीतर दोन एक्झेकस्टार्ट झाल्या म्हणून सिस्टिमडी युनिटच नाकारतं.

शेवटी, माल खोलीत भरायच्या आधी, तिथल्या ऑपरेटरला सोबत घेऊन मेन स्विच पाडा. नव्या डेटाबेसवरच करा, जुन्या नोंदींची प्रत आधी काढून ठेवा. पाच मिनिटांनी वीज द्या. तुम्ही दोघंही कीबोर्डपासून लांब उभे राहा आणि स्क्रीनवर पहिला आकडा कधी येतो तो वेळ कागदावर लिहा. तो कागद मशीनच्या बाजूला चिकटवा, खाली स्थिती बघायची एक आणि लॉग बघायची एक अशा दोन कमांड रोमन अक्षरांत लिहून. पुढच्या वेळी वीज जाऊन आली की किती मिनिटं थांबायचं आणि मग कोणती ओळ टंकून तुम्हाला फोन करायचा, हे त्याला त्या कागदावरूनच कळेल.